समुद्र दहा मिनिटांवर

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम किनाऱ्यावर चिरंजीवांनी आठवड्याकरिता एक कॉटेज भाड्याने घेतले. तेथे अशी घरे बहुधा शनिवार ते शनिवार मिळतात. जाहिरातीत ‘समुद्र दहा मिनिटांवर’ असे होते. मधला उभा कडा तेवढा गाळलेला! पायऱ्या किती, हे आम्ही विचारावयास हवे होते. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी हार मानली, आणि त्या खिडकीशी बसून राहिल्या. आम्ही मात्र नातवासह ‘जायंट्स कॉजवे’ पाहून आलो : सुमारे ४०,००० स्तंभ, बहुतेक षट्कोनी, ६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे. खाली जाणारी छोटी बस नातवाच्याच दृष्टीस पडली. दुसऱ्या दिवशी त्याने आजीला नेले. स्तंभावर हात ठेवीत त्या म्हणाल्या, “अरे, हा तर आपल्या पाट्याचा दगड!” माळव्याचा काळा पाषाणही बेसाल्टच.