दोष रक्ताचा की वस्तीचा?

आमची मुले चणीने लहान का, आमच्या बायाबापड्या चाळिशीतच म्हाताऱ्या का दिसतात, आमचा माणूस लवकर का जातो, असा सवाल निघाला की या देशात त्याचे एक उत्तर तयार असते. ‘रक्तच तसे!’ पूर्वी हे उत्तर पूर्वजन्मीच्या कर्माच्या नावाने मिळत असे. आता सुशिक्षित माणूस तेच उत्तर ‘जीन्स’च्या नावाने देतो. पोथी बदलली, सांगणारा बदलला नाही. आरक्षणाच्या वादात ‘गुणवत्ता’ हा शब्द निघतो, तेव्हा त्याच्या पोटातही बहुधा हेच दडलेले असते. म्हणून याचा हिशेब एकदा नीट केला पाहिजे; आणि त्यासाठी परदेशात जायला नको. नगर जिल्ह्यातला जामखेड तालुका पुरेसा आहे.

नगरचे (आताच्या अहिल्यानगरचे) दोन तुकडे आहेत. उत्तरेला पाटपाणी, ऊस आणि प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना, दक्षिणेला दुष्काळ. जामखेड दक्षिणेत. तेथे 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. रजनीकांत याच जिल्ह्यातले, राहुरीचे. तेव्हा प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांमागे 176 मुले वर्षाच्या आत दगावत होती. म्हणजे जवळजवळ सहा पाळण्यांपैकी एक रिकामा. 1990 च्या दशकात हाच आकडा तिसाच्या खाली आला. वीस-पंचवीस वर्षांत माणसाचे जीन्स बदलत नाहीत. त्याच आया, त्यांच्याच लेकीसुना, तेच रक्त. मग बदलले काय?

पहिले बदलले ते पाणी. गावची विहीर आमच्यासाठी नव्हतीच. कूपनलिका खोदायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी जाणीवपूर्वक दलित वस्तीतल्या जागा धरल्या. पंप वस्तीत बसला आणि सवर्ण घरच्या बाईला घागर घेऊन वस्तीत यावे लागले. दुसरे, गावोगावच्या आरोग्य सेविका. बहुतेक निरक्षर, पुष्कळशा दलित. प्रशिक्षणाला त्या एकत्र राहिल्या, एका पंगतीला जेवल्या, आणि सुरुवातीला काहींना हे जड गेले. मग त्या मुलांची वजने करू लागल्या, जुलाबाला मीठ-साखर-पाणी पाजू लागल्या, बाळंतपणे करू लागल्या. जिच्या हातचे पाणी गावाला चालत नव्हते, तिच्या हाती गावाने आपली बाळंतीण सोपवली. हे काम आमच्या चळवळीने केलेले नाही. पण जे झाले ते मान्य करण्यात आम्हाला कसला कमीपणा? 1979 साली आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आमच्या दृष्टीने त्या पुरस्कारापेक्षा वस्तीत बसलेला तो पंप मोठा आहे.

अनुवंश खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. सिकलसेल हा आजार अनुवंशिकच आहे. विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार समाजात आणि आदिवासींत तो आढळतो. पण तो ‘हलक्या रक्ता’चा पुरावा नव्हे. ज्या मुलुखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तेथे एकाच पालकाकडून हा गुण आलेल्याला मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळे, म्हणून तो टिकला. दोघांकडून आला की आजार होतो. इथवर निसर्गाचे काम. आजारी पोराला वेळेवर तपासणी, औषध आणि रक्त मिळेल की नाही, हे ठरवणे निसर्गाचे काम नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती जास्त अवघड. शेजारच्या पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत 1990 च्या दशकापासून केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी गरोदर माता व त्यांच्या मुलांचा अभ्यास करीत आले आहेत. त्यांना दिसले की आपले नवजात बाळ हाडामांसाने बारीक असते, पण त्या मानाने चरबी धरून असते. पुढे हेच मूल शहरात आले, बसून काम करू लागले, पोटभर खाऊ लागले की मधुमेहाच्या वाटेवर लागण्याचा धोका वाढतो. आईची उपासमार पोराच्या शरीरात मुक्कामाला येते. बाहेरून पाहणाऱ्याला हे घराण्याचे दुखणे वाटते. मुळात ते पोटाला न मिळालेल्या भाकरीचे असू शकते. आमच्या समाजातील पहिल्या पिढीच्या पगारदारांनी हे मनावर घ्यावे. जयंतीच्या खर्चातून वस्तीत एक रक्तशर्करा तपासणीचे शिबिर व्हायला काय हरकत आहे? बाबासाहेबांना स्वतःला मधुमेहाने किती छळले हे आपल्याला ठाऊक आहे.

पण हा सगळा गरिबीचाच प्रश्न आहे, जातीचा नाही, असे म्हणणारे पुरोगामीही आमच्या ओळखीचे आहेत. त्यांनी 2022 साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन पाहावे. नऊ राज्यांच्या सरकारी पाहणीवरून त्यात दिसले की उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा दलितांचे आयुष्य तीन वर्षांहून अधिक आणि आदिवासींचे चार वर्षांहून अधिक कमी आहे. आणि सांपत्तिक स्थिती हिशेबात घेतली तरी ही दरी पूर्ण भरत नाही. त्या नऊ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणून महाराष्ट्राने निश्चिंत व्हावे काय? 2019 साली राज्य सरकारच्या समितीला जामखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. ही कोणत्या जीन्सची करणी?

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी निकालात काढला होता. 1916 च्या कोलंबियातील निबंधात त्यांनी जातीचे मूळ सजातीय विवाहात दाखवले. 1936 साली, जात ही वंशशुद्धीची योजना असेल तर तिने खुजी आणि दुबळी प्रजा का घडवली, असा उलट सवाल केला. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकांच्या मोजमापाचे वंशवाद्यांचेच आकडे घेऊन ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत हे दाखवले. 2016 साली भारतीय जनुकशास्त्रज्ञांनी लोकसमूहांच्या डीएनएवरून निष्कर्ष काढला की इथले समूह एकमेकांत मिसळत होते आणि सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी ही सरमिसळ अनेक समूहांत थांबली. काळ गुप्त राजवटीच्या सुमाराचा. दार निसर्गाने बंद केले नाही.

वारसाच म्हणाल तर आमच्याकडे महारवतनाचा होता. बापाची वेठ मुलाकडे येई, मुलाची नातवाकडे. डिसेंबर 1939 मध्ये बाबासाहेबांनी याच जिल्ह्यात, हरेगावला, वतनदारांची परिषद घेतली ती हा वारसा मोडायला. त्याच हरेगावात ऑगस्ट 2023 मध्ये शेळी आणि कबुतरे चोरल्याच्या संशयावरून दलित मुलांना उलटे टांगून मारले गेले.

30 एप्रिल 2025 रोजी केंद्राने येत्या जनगणनेत जात मोजण्याचे जाहीर केले. ठीक झाले. पण जनगणना माणसे मोजते, ती किती वर्षे जगली ते सांगत नाही. सरकारचे आयुर्मानाचे तक्ते राज्यवार, स्त्री-पुरुष, ग्रामीण-शहरी असे निघतात. जातवार निघत नाहीत. तेव्हा नगरच्या जिल्हा परिषदेत जाणाऱ्या आमच्या माणसांनी पहिल्याच बैठकीत आरोग्य अधिकाऱ्यांना लेखी विचारावे: गेल्या वर्षी जिल्ह्यात वर्षाच्या आत दगावलेली मुले कोणत्या तालुक्यातली, कोणत्या गावातली, आणि गावातल्या कोणत्या वस्तीतली?