झांकली मूठ कोणाची?

बाईला वय आणि पुरुषाला पगार विचारूं नये, असा एक दंडक आपल्या पांढरपेशा वर्गांत रूढ आहे. तो ज्यानें घातला त्यास बाईलाहि पगार असूं शकतो ही कल्पना शिवली नसावी. तें असो. नोकरीचें वेतन जाहीर करण्याची सक्ती मालकांवर करणारे कायदे परदेशांत होऊं लागल्यापासून आपल्याकडील कांहीं मंडळी याच दंडकाची ढाल पुढें करतात. पगार ही म्हणे खाजगी बाब! विवाहाच्या जाहिरातींत मुलाचा वार्षिक पगार छापतांना हा खाजगीपणा कोठें जातो?

आणि ही बाब कोणापासून खाजगी ठेवावयाची? अमेरिकेंतील आलाबामा संस्थानांत गुडइयरच्या टायर-कारखान्यांत लिली लेडबेटर या बाई १९७९ पासून १९९८ पर्यंत नोकरीस होत्या. नोकरीच्या अखेरीस एका निनांवी चिठ्ठीनें त्यांस आपल्या पगारांतील तफावत कळली. १९९७ च्या अखेरीस त्यांस दरमहा ३,७२७ डॉलर मिळत. त्याच हुद्द्यावरील सर्वांत कमी पगाराच्या पुरुषास ४,२८६ आणि सर्वांत अधिक पगाराच्या पुरुषास ५,२३६. त्यांनीं दावा लाविला. २००७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो पांच विरुद्ध चार मतांनीं फेटाळिला. कारण पगार ठरल्यापासून १८० दिवसांच्या आंत तक्रार केली नव्हती! जी गोष्ट कळूंच दिली नाहीं, तिची तक्रार मुदतींत कां केली नाहीं, असा हा न्याय. २००९ सालीं कायदा बदलून प्रत्येक पगाराबरोबर मुदत नव्यानें मोजण्याची सोय झाली. पण निनांवी चिठ्ठीची गरज कांहीं तेवढ्यानें संपली नाहीं.

ती संपविण्याचा यत्न कोलोरॅडो संस्थानानें केला. तेथें १ जानेवारी २०२१ पासून जाहिरातींतच वेतनाची किमान व कमाल मर्यादा छापावी लागते. तेव्हां कांहीं कंपन्यांनीं, घरबसल्या करावयाच्या कामासाठीं कोलोरॅडोच्या रहिवाशांनीं अर्ज करूं नयेत, असें छापलें! आंकडा सांगण्यापेक्षां माणसें नाकारणें ज्यांस सोयीचें वाटलें, त्यांच्या झांकल्या मुठींत काय होतें तें निराळें सांगावयास नको.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. डेन्मार्कनें २००६ सालीं मोठ्या कंपन्यांस स्त्रीपुरुषांच्या वेतनाचे आंकडे देण्यास भाग पाडलें. तेव्हां तफावत घटली, पण ती मुख्यतः पुरुषांची पगारवाढ मंदावल्यामुळें, असें अभ्यासकांस आढळलें. कबूल. दिवा लावल्यानें घरांतलें धान्य वाढत नाहीं; कोणाच्या ताटांत किती पडलें आहे एवढेंच दिसतें. अंधारांत जेवणाऱ्यास तेंहि पुष्कळ आहे.

ही परदेशी टूम आहे, असेंहि म्हणवत नाहीं. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा सरकारी कचेऱ्यांस प्रत्येक कर्मचाऱ्याचें मासिक वेतन आपण होऊन प्रसिद्ध करावयास सांगतो. तलाठ्याचा पगार गांवास कळून त्याची अब्रू गेल्याचें ऐकिवांत नाहीं. आम्हां प्राध्यापकांची वेतनश्रेणी तर वधूपिते आमच्यापेक्षां अचूक सांगतात. खाजगी कंपन्या मात्र जाहिरातींत ‘पगार योग्यतेनुसार’ एवढेंच छापतात आणि उमेदवाराकडून जुन्या नोकरीचीं पगारपत्रकें मागतात. स्वतःची मूठ मिटून दुसऱ्याची उघडावयास लावणें, याला वाटाघाट म्हणावयाचें! युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानें पूर्वीचा पगार विचारण्यासच मनाई केली आहे.

समान कामास समान वेतनाचा कायदा आपण १९७६ सालीं केला. त्याची जागा २०१९ च्या वेतनसंहितेनें घेतली. जाहिरातींत वेतन छापण्याची सक्ती दोहोंतहि नाहीं. ती यावी. तोंवर आमच्या विद्यार्थिनींनीं पगारपत्रक मागणाऱ्यास प्रथम त्याची श्रेणी विचारावी, आणि उत्तर लेखी मागावें.