क्रोन्सचे औषध कधी बदलायचे?

“डॉक्टर, त्याच गोळ्या परत लिहून द्या, त्यांनीच बरं वाटतं.” आतड्याचा क्रोन्स आजार असलेल्या रुग्णांकडून हे अनेकदा ऐकायला मिळते. त्या गोळ्या म्हणजे स्टेरॉइड. त्यांनी सूज लवकर उतरते. पण आजार कायम आटोक्यात ठेवणे त्यांना जमत नाही. शिवाय हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. माझे स्पष्ट मत असे, की वर्षभरात दुसऱ्यांदा स्टेरॉइड लागले किंवा डोस कमी करताच त्रास उलटला, तर मूळ औषध बदलण्याविषयी पोटविकारतज्ज्ञांशी बोलायलाच हवे.

मात्र त्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. औषध नियमित आणि पुरेसे दिवस घेतले का? अझाथायोप्रिनचा गुण यायला साधारण 3 महिने लागतात. दुसरे, त्रास सुजेमुळेच आहे का? आतडे अरुंद झाले तरी पोट दुखते. शौचाच्या नमुन्याची कॅलप्रोटेक्टिन तपासणी, कोलोनोस्कोपी आणि स्कॅन यांतून उलगडा होतो. तिसरे, हा आतड्याचा क्षयरोग तर नाही ना? आपल्याकडे ही शंका नेहमी ठेवावी लागते, कारण दोन्ही आजार सारखेच दिसतात. इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब अशा इंजेक्शनांनी शरीरात दबलेला क्षय उफाळू शकतो, म्हणून क्षयाची तपासणी आधीच करतात.

औषध लागू पडले नाही, यात तुमचा दोष नाही. स्वतःच्या मनाने ते बंद करू नका. स्टेरॉइड तर एकदम कधीच थांबवू नका. पण मुकाट्याने सोसूही नका. सूज धुमसत राहिली, तर आतडे कायमचे अरुंद होऊन शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.