भिंतीतली ओल आणि भाड्यातले तीस टक्के

जून जवळ आला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकांतून टेम्पोंची ये-जा सुरू होते. अकरा महिन्यांचे करार संपलेले असतात. एक कुटुंब निघते, दुसरे यायचे असते, आणि मधल्या दोन-तीन दिवसांत रिकाम्या फ्लॅटमध्ये रंगारी शिरतो. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवरचे पोपडे तो खरवडतो, पुट्टीचे दोन हात देतो आणि वर पांढरा रंग चढवतो. घर 'रिनोव्हेटेड' झाले, भाडे दोन हजारांनी वाढले. दिवाळीच्या आत त्याच जागी तेच पोपडे पुन्हा वर येतात.

मालकाचे उत्तर ठरलेले असते : पावसाने ओल धरली. पण न्हाणीघराच्या भिंतीचे दुखणे बहुतेक वेळा पावसाचे नसते. फरशीचे सांधे सुटलेले असतात, ट्रॅपभोवतीचा माल गेलेला असतो किंवा भिंतीत गाडलेली पाइप थेंबथेंब गळत असते. ते पाणी स्लॅबमधल्या सळयांपर्यंत पोचते. लोखंड गंजते, गंजताना फुगते आणि भोवतीचे काँक्रीट फोडते. शेवटी खालच्या घराच्या छताचा गिलावा पडतो. वरच्या मालकाने वाचवलेल्या पैशाची किंमत अशी खालचा शेजारी मोजतो.

घरमालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरवण्याला एके काळी कारण होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. भाडे गोठले आणि सिमेंट, मजुरी मात्र वाढत गेली. मालकांनी हात आखडला, इमारती खचू लागल्या. अखेर १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला. दक्षिण मुंबईतल्या चाळींनी ही किंमत मोजली आहे. आजच्या गुंतवणूकदाराची स्थिती तशी नाही. तो बाजारभावाने भाडे घेतो, दर नव्या करारात ते वाढवतो आणि अनामत रक्कमही हातात ठेवतो. भाडे परवडत नाही, ही सबब त्याला उरलेली नाही.

त्याहून मोठी गोष्ट प्राप्तिकरात आहे. घरभाड्याच्या उत्पन्नातून मालकाने भरलेली घरपट्टी वजा जाते आणि उरलेल्या रकमेतून सरसकट ३० टक्के वजावट मिळते. अशी रक्कम वर्षाला तीन लाख रुपये असेल, तर त्यातल्या ९० हजारांवर कर लागत नाही. या वजावटीचे मूळ दुरुस्तीच्या आणि भाडेवसुलीच्या खर्चात आहे. पूर्वी कायद्यात तसे स्पष्ट लिहिलेले होते. आता कारण लिहिलेले नाही, पावतीही लागत नाही. मालकाने घरावर दोन लाख खर्च केले तरी वजावट ९० हजारांचीच, आणि एक रुपया खर्च केला नाही तरी तेवढीच. परिणामी, दुरुस्ती टाळणाऱ्याच्या हाती जास्त पैसा उरतो. कायद्याने विश्वासाने दिलेली ही सवलत अनेकांनी नफा म्हणून खिशात घातली आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की हा पैसा घराचा आहे आणि तो घराकडे परत गेला पाहिजे.

भाडेकरूला कायद्याचा आधार आहे, पण तो नेमका ज्याला हवा त्याच्यापर्यंत पोचत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चे कलम १४ घर राहण्याजोगे ठेवण्याची जबाबदारी मालकावर टाकते. नोटीस देऊन १५ दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा. मर्यादा वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाची. मात्र हा हक्क 'भाडेकरू'चा आहे. लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो. त्याचे बरेवाईट करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते, आणि छापील करारात दुरुस्तीवर जेमतेम एक ओळ असते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात याची स्वच्छ वाटणी आहे : रंगसफेदी, पाइप बदलणे, वायरिंग मालकाकडे, नळाचे वॉशर, स्विच, कुलपे, काचा भाडेकरूकडे. हा कायदा राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. पण त्यातली यादी आपल्या करारामागे परिशिष्ट म्हणून जोडायला कुणाची परवानगी लागत नाही.

घर भाड्याने देण्यासाठी दुरुस्त करायचे, तर कामाचा क्रमही बदलायला हवा. पहिले पाणी. न्हाणीघराच्या ट्रॅपला बोळा लावून जमिनीवर चार बोटे पाणी चोवीस तास साठवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे. ओल दिसली तर फरशी उखडून वॉटरप्रूफिंग नव्याने करावे; वरून सांधे भरून भागत नाही. भिंत पुरती वाळल्याशिवाय तिला पुट्टी लावू नये. दुसरी वीज. अर्थिंग तपासून घ्यावे आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. गीझरमध्ये वीज उतरली तर क्षणात पुरवठा तोडणारे हेच उपकरण आहे. तिसरी हवा. बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावणे म्हणजे जिवाशी खेळ. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि अंघोळीला गेलेले माणूस बाहेर येत नाही. अशा बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. हे सगळे झाल्यावर रंग, पडदे आणि मॉड्युलर किचन.

गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीने काढायची असते, हे खरे. पण त्यासाठी सभेत उठून बोलावे लागते, आणि गुंतवणूक म्हणून चार फ्लॅट घेतलेला सभासद वार्षिक सभेला क्वचितच दिसतो. तिथे राहणाऱ्या भाडेकरूला मत नसते आणि ज्याला मत असते तो तिथे राहत नाही. इमारत पंधरा वर्षांची झाली की दर पाच वर्षांनी आणि तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. तो विषय मालकांनीच लावून धरायला हवा.

दुसरे, तिसरे घर घेणाऱ्यांवर आमचा राग नाही. शहरात शिकायला, कमवायला येणाऱ्यांना छप्पर मिळते ते अशाच घरांमुळे. त्यांना विनंती एकच : भाड्यातले तीस टक्के वेगळ्या खात्यात टाका, आणि पुढचा करार करण्याआधी रंगाऱ्याला बोलवायच्या अगोदर प्लंबरला आणि वायरमनला बोलवा. ज्या घरात आपल्या लेकरांना एक पावसाळा ठेवायची आपली तयारी नाही, त्या घराचे भाडे घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.