सजद्यात चक्कर येते तेव्हा

गेल्या शाबान महिन्यातली गोष्ट. आमच्या सासूबाई फजरच्या नमाजला उभ्या राहिल्या आणि सजद्यातून उठताना एकदम जानमाजवर कलंडल्या. "काही नाही, जरा कमजोरी आहे," म्हणून त्यांनी विषय संपवला. पण दोन दिवसांनी पाहिले, तर त्या खुर्चीवर बसून नमाज पढत होत्या. रात्री उजव्या कुशीवर वळले की छत गरगर फिरते, हे त्यांनी कबूल केले ते आठवड्याने.

तोवर घरात उपाय सुरू झालेच होते. एका जावेने लिंबूसरबत पाजले, दुसरीने बी.पी. वाढले असेल म्हणून मीठ बंद केले, शेजारच्या खालांनी नजर उतरवली. आम्ही स्वतःला शिकलेले म्हणवतो, पण आम्हीही औषधाच्या दुकानात जाऊन "चकरेची गोळी द्या" एवढेच म्हणालो. त्या गोळीने अम्मींना दिवसभर झोप येऊ लागली. चक्कर तशीच राहिली.

रमजान दोन आठवड्यांवर आला होता. एका संध्याकाळी अम्मी हळूच म्हणाल्या, "आता जमिनीवरचा सजदा काही नशिबात नाही." उतारवयात खुर्चीवर बसून नमाज पढण्याची सवलत दीनने दिलेली आहे, तिच्यात कमीपणा नाही. पण सवलत घेण्याआधी दुखणे काय आहे, हे तर कळायला हवे ना? दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेले.

डॉक्टरांनी आधी तीन प्रश्न विचारले. चक्कर म्हणजे नेमके काय होते: घर फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, की चालताना तोल जातो? ती किती वेळ टिकते? आणि त्या वेळी तुम्ही काय करत असता? अम्मी म्हणाल्या, घर फिरते, मिनिटभरही टिकत नाही, आणि सजद्यात, कूस बदलताना, माळ्यावरचा डबा काढायला वर पाहिले तरी येते. डॉक्टरांनी त्यांना मान एका बाजूला वळवून झटकन आडवे केले आणि डोळ्यांकडे निरखून पाहिले. बुबुळे थरथरत होती. निदान तिथेच झाले.

आपल्या आतल्या कानात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या असतात. त्यांच्या शेजारच्या पिशवीत चुन्याचे अतिसूक्ष्म खडे असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्यामुळे ते कधी सुटतात आणि नळीत शिरतात. मग डोके खाली-वर झाले की खडे सरकतात, आणि शरीर स्थिर असूनही मेंदूला वाटते की आपण फिरतोय. यावर गोळी फारशी उपयोगाची नाही. अमेरिकेतले डॉक्टर जॉन एपली यांनी शोधलेल्या पद्धतीने डोके ठराविक क्रमाने वळवून खडे पुन्हा जागेवर आणतात. अम्मींना दहा मिनिटेही लागली नाहीत. हा प्रकार घरी स्वतःच्या मनाने मात्र करू नये. कोणता कान, कोणती नळी हे आधी ठरवावे लागते, आणि मानेचे दुखणे असेल तर जपावे लागते. चक्कर दाबणाऱ्या गोळ्याही फार दिवस घेऊ नयेत. मेंदू स्वतःहून तोल सावरायला शिकत असतो, त्यात त्या अडथळा आणतात.

प्रत्येक चक्कर कानाचीच असते असे नाही. बसल्याचे उठताना अंधारी येत असेल, तर बहुधा रक्तदाब खाली जातो. आधी आडवे असताना आणि मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून जास्त उतरला, तर डॉक्टरांना सांगावे. पाणी कमी पिणे, जुलाब, बी.पी.च्या किंवा लघवीच्या गोळ्या ही नेहमीची कारणे. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला बसावे, पावले वर-खाली हलवावीत, मगच उभे राहावे.

चकरेसोबत कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल आणि गरगर काही तास टिकत असेल, तर तो कानाचाच वेगळा आजार असू शकतो. तोही तपासून घ्यावा.

शाळेत परिपाठाच्या वेळी एखादी मुलगी भोवळ येऊन खाली बसते, हे आम्ही दरवर्षी पाहतो. विचारले, तर सकाळी फक्त चहा प्यायलेली असते. तिला आडवे करून पाय थोडे उंच ठेवले की ती सावरते. पण हे वारंवार होत असेल, तर हिमोग्लोबिन तपासावे. बाईचे ते 12 च्या खाली आणि गरोदर बाईचे 11 च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कित्येक मुली खिडकीतून फेकतात. आयांनी एवढे तरी विचारावे, "बेटा, गोळी खाल्लीस का?" जेवणासोबत लिंबू असावे, आणि जेवणाला लागून चहा नसावा.

रोज्यात मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. घाम, थरथर आणि चक्कर आली तर ताबडतोब साखर तपासावी. बोटातून थेंबभर रक्त काढल्याने रोजा तुटत नाही. आकडा 70 च्या खाली असेल, तर रोजा तिथेच सोडावा, तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आजारी माणसाला रोजे पुढे ठेवण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. गोळ्यांच्या आणि इन्सुलिनच्या वेळा मात्र रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावी. चकरेबरोबर तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे, अजिबात चालता न येणे, अचानक भयंकर डोके दुखणे किंवा छातीत दुखणे यातले काहीही झाले, तर लिंबूसरबत करत बसू नये. 108 ला फोन करावा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते.

अम्मींना त्यानंतर चार-पाच दिवस थोडे डगमगल्यासारखे वाटले. खडे पुन्हा सुटू शकतात, हे डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे, म्हणून न्हाणीघरात आम्ही धरायला दांडी बसवली आणि पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा लावला. रमजानच्या चाँदरातीला त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि जमिनीवर जानमाज अंथरली. आम्ही दाराआड उभे राहून पाहत होतो. त्या सजद्यात गेल्या, बराच वेळ तिथेच राहिल्या आणि सावकाश उठल्या. सलाम फेरल्यावर आमच्याकडे वळून म्हणाल्या, "आठवडाभर लपवलं, तेवढे सजदे उगाच गेले."

तुमच्या घरातही कोणी अचानक खुर्चीवर नमाज पढू लागले असेल, तर त्यांना जवळ बसून एकदा विचारा.