मिरवेल आणि मातीतील तिचे साहाय्यक

मिरवेलीला चांगले पीक येऊ लागण्यास तीन-चार वर्षे लागतात. तिला मरण्यास मात्र एक महिना पुरतो. केरळातील वायनाड व कर्नाटकातील कोडगू या भागांत जूनच्या पावसाने जोर धरला, की बुंध्याशी साल काळी पडून कुजते, पाने व घोस गळतात आणि वेल पेरापेरांत मोडून आधाराच्या झाडावरून खाली येते. केवळ बारीक मुळेच कुजली असतील, तर रोग पाऊस थांबेपर्यंत लपून राहतो आणि ऑक्टोबरात पाने पिवळी पडू लागली म्हणजे प्रकट होतो. तोवर उपायाची वेळ टळलेली असते.

या नाशाचे कारण फायटोफ्थोरा कॅप्सिसी हा बुरशीसारखा सूक्ष्म जीव होय. त्याचे पहिले वर्णन १९२२ साली लिओनियन यांनी अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील मिरचीच्या झाडांवरून केले. नावातील ‘कॅप्सिसी’ ही त्याचीच खूण. त्याचे बीजाणू शेपटीसारख्या दोन तंतूंच्या साहाय्याने मातीतील पाण्यात पोहतात. मोरचूद व चुना यांचे बोर्डो मिश्रण पानांचे रक्षण करते. मातीखालच्या मुळांवर पहारा ठेवण्यास मात्र तेथेच वस्ती करणारा रक्षक हवा.

असे रक्षक मातीतच आहेत. ट्रायकोडर्मा ही हिरवट बुरशी इतर बुरशींच्या तंतूंना वेढे घालून त्यांवर जगते, हे वाइंडलिंग यांनी १९३२ साली दाखविले. ती रोगकारकाचे अन्न व जागा बळकावते आणि त्याला मारक अशी द्रव्येही स्रवते. स्यूडोमोनस फ्लुरेसेन्स हा जीवाणू मुळांभोवतीचे लोह स्वतःकडे ओढून शत्रूची उपासमार करतो, शिवाय वनस्पतीची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. यांच्यामुळे वेल जोमाने वाढते, असे विक्रेते मोठ्या अक्षरांत छापतात. ते खोटे नाही. पण त्या जोमाचा बराचसा वाटा मुळे शाबूत राहिल्याचा असतो, हे सांगितले जात नाही.

खरी अडचण ‘औषध’ या शब्दाने केली आहे. वेल माना टाकू लागली की शेतकरी पुडी आणतो, बुंध्याशी ओततो आणि वेल मेली म्हणजे शास्त्राला दोष देतो. कुजलेले मूळ कोणताही जीवाणू पुन्हा उभे करीत नाही. हे साहाय्यक पावसाच्या आरंभीच मुळांशी नांदत असले पाहिजेत. आणि त्याहून चांगले म्हणजे रोपवाटिकेतच, पिशवीतील मातीत. रोगट रोपवाटिका शंभर बागांत मरण वाटते. तेथे खर्च केलेला रुपया सर्वांत अधिक फळतो.

दोष केवळ शेतकऱ्याचा नाही. ट्रायकोडर्माच्या भुकटीत दर ग्रॅमला किमान २० लाख जिवंत घटक असावेत, असे भारतातील मानक आहे. परंतु पत्र्याच्या छपराखाली एप्रिल-मे काढलेल्या पुडीत त्यांतील किती उरले, हे वेष्टनावरून कळत नाही. जिवंत मालाला लोखंडी खिळ्यांप्रमाणे फळीवर ठेवणारी व्यवस्थाच बदलली पाहिजे. सहकारी संस्थांनी व पंचायतींनी तो गावाजवळ, हंगामापुरता, ताजा तयार करावा. केरळात रूढ असलेली रीत साधी आहे: नऊ भाग शेणखत व एक भाग निंबोळी पेंड यांत भुकटी मिसळावी, ओलावा राखून ढीग सावलीत झाकून ठेवावा, अधूनमधून खालीवर करावा, हिरवी बुरशी सर्वत्र पसरली की ते खत वेलीच्या मुळांशी द्यावे. त्याच सुमारास बुंध्याशी बोर्डो मिश्रण ओतू नये. तांबे शत्रू-मित्र ओळखत नाही.

आणि कुदळ विसरता कामा नये. जेथे वेलीच्या बुडाशी पाणी तुंबते, तेथे पोहणाऱ्या बीजाणूंना वाट मोकळीच असते. पाण्याचा चर पावसापूर्वी काढावा, मेलेली वेल मुळांसकट उपटून जाळावी आणि मगच पेंड-खताची पाटी उचलावी.