पाच वर्षं पाण्यात गेली का?

परवा सुप्याच्या स्टँडवर आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीची अम्मी भेटली. सलाम-दुआ झाली आणि तिने मनातलं ओतलं, "सर, पोरीने पाच वर्षं आर्किटेक्चर केलं, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली. आता म्हणते, वकील व्हायचंय. एवढी फी भरली, ती पाण्यात गेली का?"

एस.टी. आली, उत्तर राहून गेलं. ते इथे लिहितो, कारण थोड्याफार फरकाने हा प्रश्न बऱ्याच घरांत आहे.

एमआयडीसी आल्यापासून आपल्याकडे जमिनीचं बोलणं घरोघर चालतं. मोजणी, हद्द, बिगरशेती, बहिणीचा हिस्सा. या सगळ्यात शेवटी कागदावरचा नकाशा पुढे येतो आणि तिथे भलेभले अडतात. घर विकत घेणाऱ्यांचंही तसंच. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्र कशाला म्हणायचं ते ठरवून दिलं. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामात दोष निघाला, तर बिल्डरने तो पैसे न घेता दुरुस्त करायचा. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात राहतात आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट व सीए यांनी कामाचा दाखला दिल्यावरच काढता येतात. तो दाखला वाचताना काय पाहायचं, भेग प्लॅस्टरची की बीमची, हे जिला कळतं तिची पाच वर्षं वाया कशी जातील?

वाट सरळ आहे. कुठल्याही शाखेच्या पदवीवर तीन वर्षांचं एलएलबी करता येतं. राज्याची सीईटी द्यायची, खुल्या वर्गाला पदवीत ४५ टक्के हवेत. नंतर सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा.

खरी अडचण पुढे आहे. वकिली करताना पूर्णवेळ पगारी नोकरी चालत नाही, आणि सीनिअरच्या हाताखाली सुरुवातीला मिळतं ते जाण्या-येण्यातच संपतं. म्हणून नोकरीतली शिल्लक आत्ताच बाजूला ठेवावी, असं आमचं मत. शिकता शिकता निकाहाचं वय चाललं, असं नातेवाईक म्हणतील. म्हणू द्या.

रात्री आम्ही फोन करून हे सगळं सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, दिराशी आमचा भिंतीवरून वाद आहे. तिला नकाशा दाखवू का?"

"दाखवा की," आम्ही म्हटलं, "पण आधी तिला सीईटीचा फॉर्म भरू द्या."